माझ्या नंबरावरून एक्केचाळीसजण

...आणि वर मलाच म्हणतात, 'तू घाबरट!' अहो, आहेच मी घाबरट, मी कुठं नाही म्हणतेय? कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं खाली पडतं. दारावरची बेल वाजली तर कडी काढायच्या आधी मी आरशात बघते. केस नाही हो, चेहरा निर्दोष दिसतोय का ते! आता तुम्हीच सांगा, अशा मुलीच्या घरात, तिच्या उशाशी (दोन खोल्यांच्या घरात सगळंच सगळ्यांच्या उशाशी असतं), एक डबी आणून ठेवायची, ती दिवसातनं साठ वेळा 'टक्' करणार, तिचा हिरवा दिवा लाल होणार, आणि त्या लाल दिव्याखाली आपल्या घरच्या फोनमधून कुणीतरी अनोळखी माणूस कुणातरी अनोळखी माणसाशी बोलणार... आणि ह्यावर मामाचं म्हणणं काय? तर, "घाबरायचं काय त्यात? आपलीच माणसं!"

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. रेडिओ दुरुस्त करायचा. मग रेडिओ गेले, मग टीव्ही दुरुस्त करायला लागला, तर लोक टीव्ही दुरुस्त न करता फेकूनच द्यायला लागले, तेव्हा मामानं माणसं जोडायला घेतली. हे त्याचेच शब्द, 'मी आता माणसं जोडतो.' पूर्वी तारांना कथलाचा डाग द्यायच्या कामी मामा गावात एक नंबर होता, पण माणसांना डाग देता येत नाही हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

ती डबी काय करते, सांगते. एका बाजूनं ती इंटरनेटला जोडलेली, दुसऱ्या बाजूनं आपल्या घरच्या फोनच्या तारेला. समजा, लांबच्या गावातल्या कुणाला आमच्या गावातल्या माणसाशी बोलायचंय. तर त्याचा आवाज इंटरनेटवरून आमच्या डबीपर्यंत येणार, फुकट. आणि आमची डबी आमच्या फोनवरून इथल्या इथं नंबर फिरवणार, म्हणजे तेही फुकट. बदल्यात आमच्या आईला तिकडे कुणाशी बोलायचं असेल, तर आईचा आवाज तिकडच्या कुणाच्या तरी डबीतून बाहेर पडणार. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस डब्या, एक मंडळ, आणि घरटी एक पासवर्ड, तो टाकला की कुठूनही ह्या डब्यांतून बोलता येतं. कल्पना वाईट आहे का? मुळीच नाही! माझी ताई लग्न होऊन पार त्या टोकाला गेली, तिला बाळ झालं, आणि आईला ते बाळ आठवड्यातून एकदा फोनमध्ये 'ऊं' करताना ऐकायचं होतं. एवढंच. एका 'ऊं'साठी आम्ही चाळीस घरांना आमच्या घरात घेतलं.

मी शिकलेली मुलगी, रसायनशास्त्र घेऊन पदवी झालेय माझी, मी एकच प्रश्न विचारला. म्हटलं, "मामा, समोरच्या माणसाच्या फोनवर नंबर कुणाचा दिसणार?"

मामा म्हणाला, "तुझा."

माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "म्हणजे आपला."

तरी चेहरा तसाच बघून म्हणाला, "म्हणजे सगळ्यांचाच की गं! घाबरायचं काय त्यात, आपलीच माणसं!"

आणि लावली डबी. आईनं तिच्याखाली विणलेला रुमाल घातला.

आता ह्यातला न्याय ऐका. मंडळाला न्यायाचं भारी वेड. डबीत नियम असा बसवलेला की ज्याची लाइन रिकामी, त्याच्याकडून कॉल जाणार. ऐकायला किती सरळ! पण लाइन रिकामी कुणाची असते? जो बोलत नाही त्याची! आमच्या गावात मंडळाची नऊ घरं. त्यातली आठ घरं अशी की त्यांच्या फोनचा कान कधी गार पडत नाही. आणि नववं आमचं. आई रविवारी वीस मिनिटं बोलणार, आणि मी? मी फोन वाजला की न्हाणीघरात जाते. म्हणजे सगळ्यांत जास्त बोलणाऱ्यांच्या लाइनी कायम भरलेल्या, त्यांना दुसऱ्याचा एक कॉल पोटात घ्यावा लागत नाही. आणि सबंध गावात येणारे परके आवाज कुणाच्या तारेतून जाणार? जिला स्वतःचाही आवाज काढायची भीती वाटते तिच्या!

मी एकदा हे मामाला म्हणाले, तर तो मला थेट अध्यक्षांकडे घेऊन गेला. अध्यक्ष म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक. त्यामुळे कुठलंही वाक्य ते दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्यायचं असल्यासारखं बोलतात. चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "हे बघ, पोरी... ज्याच्याकडे जे जास्त आहे... ते त्यानं द्यावं. तुझ्याकडे... शांतता जास्त आहे."

माझी शांतता गोळीच्या पाकिटासारखी कापून कापून वाटली हो त्यांनी!

आणि दुसरा नियम असा की कोण कुणाशी बोलतं ह्याची नोंद ठेवायची नाही. का? तर विश्वास! 'आपलीच माणसं, त्यांच्यावर पाळत ठेवायची?' हेही ऐकायला किती छान. मी तर म्हणते बरोबरच होतं ते. माझी नोंद कुणी ठेवली असती तर मला झोप लागली नसती. तिसरा नियम, लाल दिवा असताना आपल्या फोनचा रिसीव्हर उचलायचा नाही, कारण मग दुसऱ्याचं बोलणं आपल्याला ऐकू येतं, आणि ते असभ्य.

तर तुम्हाला सांगते, एका दुपारी मी उचलला.

मुद्दाम नाही हो! त्या दिवशी पत्र आलं होतं. पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी निवड झाली होती! एकटीनं बसायचं, समोर बाटल्या, बाटल्या काही बोलत नाहीत, अचानक वाजत नाहीत, रंग बदलला तर तोही हळूहळू बदलतो... माझ्यासाठीच देवानं घडवलेली नोकरी! फक्त पोलिसांची पडताळणी बाकी होती. आई बाहेर गेलेली. आनंदाच्या भरात आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण होऊन कुणाला तरी फोन करावा, ताईला सांगावं. दिव्याकडे न बघता रिसीव्हर उचलला. आणि...

आतून एका बाईचा आवाज आला, "हॅलो? ... हॅलो, कोण आहे? ... बोला ना."

मी गार. आणि माझ्या कानात आणखी कुणाचा तरी श्वास. माझा नाही. संथ. जेवून आरामखुर्चीत बसलेल्या माणसासारखा.

बाई म्हणाली, "मला माहितीये तूच आहेस."

मी रिसीव्हर ठेवला तो असा, की जणू तो तापलेला होता. संध्याकाळी मामाला सगळं सांगितलं. म्हटलं, मामा, कुणीतरी बोलतच नव्हतं, नुसता श्वास घेत होतं, आणि ती बाई घाबरली होती. घाबरलेला आवाज मला ओळखता येतो हो, त्यात माझा हात कुणी धरणार नाही! तर मामा काय म्हणाला? "तू दुसऱ्याचं बोलणं ऐकलंस?" म्हटलं, बोलणं नव्हतंच. "तरी ऐकलंस! नियम मोडलास! अगं, कुणाचं नवराबायकोचं रुसणं-फुगणं असेल. आपलीच माणसं!"

आणि मी गप्प बसले. हे मी तुम्हाला सांगतेय खरं, पण सांगताना मान वर होत नाही. गप्प बसले, कारण गप्प बसणं मला येतं.

पुढं तीन आठवड्यांनी बेल वाजली. मी आरशात बघून दार उघडलं, तर हवालदार! पण ह्या खेपेला मी घाबरले नाही, कारण पडताळणीला हवालदार येणार हे ठाऊकच होतं. आई तर पत्र आल्यापासून त्याची वाट बघत होती. तिनं त्याला बसवलं, पंखा त्याच्याकडे फिरवला, चहा टाकला, आणि तो पहिला शब्द बोलायच्या आत माझ्या दहावीपासूनच्या गुणपत्रिका त्याच्या मांडीवर ठेवल्या. हस्ताक्षर स्पर्धेचं प्रशस्तिपत्रकसुद्धा!

हवालदार म्हणाले, "बाई, ह्या फोनचा नंबर..."

"हाच, हाच!" आई म्हणाली. "पंधरा वर्षं हाच आहे. आमचं काही बदलत नाही."

"आणि फोन कोण वापरतं?"

आता आईला वाटलं, वळण तपासतायत मुलीचं. तिनं पदर सावरला आणि सुरू झाली, "काय सांगू साहेब, मी आपली आठवड्यातून एकदा. आणि ही तर इतकी शांत, इतकी शांत, की हिला फोनवर बोलताच येत नाही! रिसीव्हर कानाला लावते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. नुसती श्वास घेत उभी राहते!"

हवालदारांचा कप बशीवर टेकला. त्यांनी खिशातून वही काढली.

"नुसती... श्वास... घेते," ते लिहिता लिहिता म्हणाले. "किती वेळ?"

"अहो, दोन-दोन मिनिटं!" आई कौतुकानं म्हणाली. "समोरचा माणूस हॅलो हॅलो करून दमतो बिचारा!"

मी मागून आईचा पदर ओढतेय, तर ती मला म्हणते, "लाजतेस काय, चांगलंच सांगतेय की!" अहो, सख्ख्या आईनं माझा कबुलीजबाब दिला, वर हवालदारांना म्हणाली, अजून एक कप घ्या! तेव्हा त्यांनी गुणपत्रिका मांडीवरनं उचलल्या, अगदी नीट, कोपरे जुळवून आईच्या हातात दिल्या आणि म्हणाले की शिवणाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी तक्रार दिली आहे. महिन्याभरात ह्या नंबरावरून त्यांना त्रेपन्न कॉल. कुणी बोलत नाही. नुसता श्वास.

आई खाली बसली. मला आठवतं, तिनं प्रशस्तिपत्रक उलटं धरलं होतं.

मामाला बोलावलं. मामानं अर्धा तास हवालदारांना डबी समजावून सांगितली, कागदावर बाण काढले, गोल काढले, आणि शेवटी हवालदार म्हणाले, "म्हणजे कॉल तुमच्या फोनवरून गेला." मामा म्हणाला, "हो, पण..." हवालदार म्हणाले, "बास. 'पण' लिहायला माझ्या वहीत जागा नाही."

तुम्हाला सांगते, मी त्या शिवणवाल्या बाईंकडे गेले. मी! स्वतःच्या पायांनी! जिन्यात तीनदा परत फिरले, चौथ्यांदा त्यांनीच वरून विचारलं, "माप द्यायचंय का?" आत चार यंत्रं, भिंतीला बिनबाह्यांचे कपडे टांगलेले, आणि बाई साधारण आईच्या वयाच्या, गळ्यात मापाची टेप. मी एका दमात सगळं सांगितलं. डबी, मंडळ, ताईचं बाळ, शांतता, सगळं. त्यांनी सुई दातात धरून ऐकलं. मग सुई काढली आणि म्हणाल्या, "तुम्ही नाही ते मला माहितीये. तो कोण आहे तेही माहितीये. त्या श्वासाशेजारी सतरा वर्षं झोपलेय मी."

नवरा त्यांचा. त्याला सोडून त्या ह्या गावात आल्या होत्या. नंबर बदलला होता. बाहेरगावचा नंबर दिसला की उचलायचाच नाही असं ठरवलं होतं. पण गावातला नंबर दिसला तर उचलावाच लागतो, शिकायला येणाऱ्या मुली असतात, गिऱ्हाईक असतं. आणि पुढं आमचा नंबर ओळखू यायला लागला तरी त्या उचलत राहिल्या, तक्रारीसाठी कॉल लिहून ठेवायला. म्हणजे बघा, त्या माणसानं शेकडो मैलांवरून हात लांब केला आणि तो हात आमच्या घरातून, विणलेल्या रुमालावरून बाहेर निघाला!

म्हटलं, "बाई, मग माझ्यावरची तक्रार तेवढी मागे घ्या ना. माझी नोकरी जाईल हो."

त्या म्हणाल्या, "तक्रार तुमच्यावर नाही. नंबरावर आहे. श्वास लिहून घेत नाहीत पोलीस. त्याच्यापर्यंत जाणारं माझ्या हातात दुसरं काहीच नाही, एक तुमचा नंबर आहे. तोही सोडू?"

मी उठायला लागले, तर त्या म्हणाल्या, "एक विचारू? एकदा मध्येच कुणीतरी फोन उचलला होता. खट् झालं, आणि दुसरा श्वास आला. भ्यायलेला. मला वाटलं, आता सोबतीला आणखी कुणाला घेऊन बसला. त्या दिवसापासून मी दार लावून वर्ग घेते. ती..."

"मी," मी म्हटलं.

इतका वेळ मला अहो-जाहो करणाऱ्या त्या बाई एकदम म्हणाल्या, "मग बोलली का नाहीस गं? नुसतं 'मी आहे' म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

जिना उतरताना मी एकदाही दचकले नाही. दचकायला आत काही शिल्लकच नव्हतं.

मग मंडळाची तातडीची सभा. एक्केचाळीस घरांतून एक्केचाळीस माणसं, काही तर आदल्या दिवशीच निघालेली, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, जाळीच्या अलीकडे वीस, पलीकडे वीस, आणि जाळीखाली मी. बोलले हो मी! आवाज उंदरासारखा निघाला, पण निघाला. म्हटलं, "त्या माणसाचं नाव मंडळाच्या यादीत नाही. म्हणजे आपल्यापैकी कुणीतरी त्याला आपला पासवर्ड दिलाय. कुणी दिलाय?"

सगळे छताकडे. छताला काय होतं? अडकलेली दोन फुलं होती, बॅडमिंटनची. चाळीसजण ती मोजत होते.

मी म्हटलं, "बरं, दुसऱ्या कुणालाही, कुणी दिलाय का?"

तेव्हा एक हात हळूच वर आला. "माझ्या मेव्हण्याला दिलाय. पण तो साधा माणूस आहे." मग दुसरा हात. "आमच्या वरच्या भाडेकरूला." मग तिसरा, "शेजाऱ्यांना, त्यांची मुलगी लांब असते." मग काय, हातच हात! जाळीच्या दोन्ही बाजूंनी! मेव्हण्यांनी मित्रांना दिलेला, मित्रांनी कचेरीतल्या लोकांना, एकानं तर तो सोयीसाठी दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवला होता! मी मामाकडे बघितलं. मामाचाही हात वर. "केशकर्तनालयवाल्याला," तो म्हणाला. "अगं, तो आपलाच माणूस!"

एक्केचाळीस नव्हतोच हो आम्ही. किती होतो ते परमेश्वरालाही माहीत नसेल, कारण नोंद ठेवायची नाही असा नियम!

आणि मग अध्यक्ष उठले. चष्मा वर. "मित्रहो... आपण सोय वाटून घेतली. आता संकट... वाटून घेऊ. हाच न्याय." आणि ठराव केला. खोटं वाटेल तुम्हाला, पण केला, टाळ्यांच्या गजरात, की 'आम्ही खाली सह्या करणारे एक्केचाळीसजण सदर कॉलची जबाबदारी समसमान घेत आहोत.' प्रत्येकी एक्केचाळिसावा भाग! लोकांच्या डोळ्यांत पाणी. एक आजोबा तर म्हणाले, असा प्रसंग जगात कुठं घडला नसेल. मी म्हटलं, त्यापेक्षा ज्यानं पासवर्ड दिला त्यानं एकट्यानं पुढं यावं ना! तर सगळे मलाच, "अगं, चाळीसजण तुझ्या पाठीशी उभे आहेत आणि तू एकाला एकटं पाडतेस?"

पहिली सही कुणाची? माझी! नंबर माझा ना! मान माझा.

कागद घेऊन मी आणि मामा ठाण्यात गेलो. हवालदारांनी वाचला, पुन्हा वाचला, सह्या बोटानं मोजल्या. "म्हणजे," ते म्हणाले, "श्वास एक्केचाळीसजणांनी मिळून घेतला?"

मामा म्हणाला, "तत्त्वतः."

"मग एक्केचाळीसजणांना बोलावू. जबाब द्यायला. तत्त्वतः नाही, खरोखरचं."

झालं! हे 'खरोखरचं' त्या दिवशीच एक्केचाळीस घरांत पोचलं, आमच्याच लाइनवरून पोचलं असणार, कारण दिवा हिरवा व्हायचं नावच घेईना. आणि दुसऱ्या दिवसापासून सह्या गळायला लागल्या. कुणाच्या मुलाचा पासपोर्ट व्हायचा होता. कुणाच्या सुनेचं पहिलंच बाळंतपण, घरात पोलीस नकोत. ते 'जगात कुठं घडला नसेल'वाले आजोबा म्हणाले, मी चष्म्याशिवाय सही केली. अध्यक्षांनी लिहून दिलं, की औषधाच्या दुकानाचा परवाना बघता... एक्केचाळिसावा भागसुद्धा... प्रकृतीला मानवणार नाही. प्रत्येकजण मला निरोप द्यायचा, "आम्ही मनानं तुझ्याबरोबरच आहोत." मनं एकोणचाळीस जमली हो! सह्या उरल्या दोन.

मामा मात्र नऊ दिवस टिकला, खोटं कशाला बोलू? दहाव्या दिवशी आला, चपला दारातच, आत येईना. आई म्हणाली, "अरे, ये ना." तर तो डबीकडे बघत म्हणाला, "तुझी मामी फार मागं लागलीये गं. माझं दुकान आहे. तू शिकलेली आहेस, तुझं काय, कुठंही होईल." मी वाट बघत होते, आता म्हणेल, घाबरायचं काय त्यात. नाही म्हणाला.

त्याच दुपारी मी ठाण्यात गेले. म्हटलं, साहेब, सही मागे घेता येते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, मलाही घ्यायचीये. हवालदारांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी कागद काढला, त्यावर चाळीस सह्यांवर चाळीस रेघा, आणि सगळ्यांत वर एक सुवाच्य सही. हस्ताक्षर स्पर्धेतलं पहिलं बक्षीस. म्हणाले, "तुमची काढली तर कागदावर कुणीच राहत नाही. बिनसहीचा कागद मी फायलीला कसा लावू?"

मी भांडले नाही. तुम्ही म्हणाल, भांडायचं होतं! पण तुम्हाला सांगते, त्या रेघांकडे बघताना माझ्या मनात आलं, त्या दुपारी रिसीव्हर तर मीच उचलला होता ना? आणि ठेवलाही मीच. बाकी चाळीसजणांचं मला माहीत नाही, पण माझा एक्केचाळिसावा भाग मला व्यवस्थित माहिती आहे. तीन शब्दांचासुद्धा नाही. दोन न बोललेल्या शब्दांचा आहे.

डबी अजून आहे! आई काढू देत नाही. म्हणते, "व्हायचं ते होऊन गेलं, आता निदान बाळ तरी ऐकू दे." बाळ आता 'आजी' म्हणतं. शिवणवाल्या बाईंनी नंबर पुन्हा बदलला, ह्या खेपेला नवा नंबर त्यांनी मला दिला नाही, बरोबरच केलं. त्या माणसाचं काय झालं विचारताय? त्याच्याकडे कुणीच गेलं नाही. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तो कुणाचा तरी आपलाच माणूस!

आणि काल प्रयोगशाळेच्या कचेरीत पडताळणीचा फॉर्म भरायला बोलावलं. खिडकीशी उभी राहून भरला. बाराव्या कलमाला प्रश्न, 'आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार अथवा चौकशी चालू आहे काय?' पुढं दोनच चौकोन, होय आणि नाही. मी 'होय'वर खूण केली. त्याच्याखाली, 'असल्यास, त्यातील आपला सहभाग लिहा,' आणि एवढीशी एक ओळ. त्या ओळीत डबी मावेना, मंडळ मावेना, आई मावेना, त्या बाई तर मावणारच नव्हत्या. मागं रांग, पुढं खिडकीतल्या मॅडम पेन आपटतायत... मग मी लिहिलं, 'एक एक्केचाळिसांश.' बरोब्बर मावलं.

मॅडमनी वाचलं. माझा कागद उजवीकडच्या गठ्ठ्यावरनं उचलला, डावीकडच्या, दोरीनं बांधलेल्या गठ्ठ्यावर ठेवला, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "अहो, ही जागा प्रयोगशाळेची होती. गणिताची मागच्या वर्षीच भरली."

मी म्हटलं, "बरं."